हेराचं नाव सरकारी माणसानेच फोडलं तर

ताई, रामबागेतल्या आपल्या अभ्यासवर्गात अमेरिकेच्या व्हॅलरी प्लेम प्रकरणावर चर्चा ठरली आहे आणि त्यासाठी आपण चार गोष्टी विचारल्या आहेत. गुप्तपणे काम करणाऱ्या माणसाची ओळख सरकारी अधिकाऱ्यानेच उघड केली, तर आपल्याकडे तो गुन्हा होतो का? छापणाऱ्या पत्रकाराचं काय होतं? हुकूम वरून, अगदी मंत्र्याकडून आला असेल तर? आणि ज्याचं नाव फुटलं, त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हाती काय राहतं?

मी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात फौजदारी वकिली करतो. मंदसौर-नीमचकडची अफूची प्रकरणं आमच्याकडेच येतात, त्यामुळे परदेशातला हेर नसला तरी ठाण्याचा मुखबिर, म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, रोज माझ्या फायलीत असतो. कायद्याच्या नजरेने दोघांचा प्रश्न पुष्कळसा एकच आहे: सरकारसाठी काम केलं, ओळख झाकून ठेवण्याचं वचन मिळालं, आणि ते वचन मोडण्याची ताकदही सरकारच्याच माणसांकडे राहिली. आपला चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि कायद्याने नेमकी त्याचीच सर्वांत कमी काळजी घेतली आहे. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकेल.

आधी प्लेम प्रकरण, कारण त्यात जवळजवळ सगळे कायदेशीर प्रश्न एकत्र आले. इराकने नायजरमधून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केला, या दाव्याची शहानिशा करायला माजी राजदूत जोसेफ विल्सन २००२ साली तिथे जाऊन आले होते. सरकार तो दावा ज्या तऱ्हेने मांडत होतं, त्यावर त्यांनी ६ जुलै २००३ रोजी वृत्तपत्रात जाहीर टीका केली. आठच दिवसांनी, १४ जुलैला, रॉबर्ट नोव्हाक या स्तंभलेखकाने विल्सन यांची पत्नी व्हॅलरी प्लेम सीआयए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत काम करते असं छापलं आणि आधार म्हणून प्रशासनातल्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांचा हवाला दिला. बाई गुप्त पदावर होत्या. ज्या बनावट कंपनीच्या आडोशाने त्या वावरत, तिचंही नाव पुढे बाहेर आलं. त्या कंपनीचं नाव ज्या कोणाच्या कागदावर असेल, त्या प्रत्येकावर संशय जायला वाट मोकळी झाली. एक ओळख फुटली की तिच्या आधाराने उभ्या असलेल्या दुसऱ्या ओळखीही धोक्यात येतात. नुकसानीचा विचार करताना हे आपल्या वर्गात जरूर सांगा, कारण लोक एका नावापाशी थांबतात.

अमेरिकेत या कृत्यासाठी १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. डिसेंबर १९७५ मध्ये अथेन्समधले सीआयएचे केंद्रप्रमुख रिचर्ड वेल्च यांची हत्या झाली. त्यांची ओळख त्याआधी छापून आलेली होती. त्या धक्क्यातून हा कायदा आला. पण त्याच्या अटी फार कडक. सांगणाऱ्याला गोपनीय माहिती पाहण्याचा अधिकार असला पाहिजे, त्याने हेतुपुरस्सर सांगितलेलं असलं पाहिजे, ही व्यक्ती गुप्त एजंट आहे आणि सरकार तिची ओळख लपवायचा प्रत्यक्ष प्रयत्न करतं आहे हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. शिवाय त्या वेळच्या व्याख्येप्रमाणे ती व्यक्ती परदेशात काम करत असली पाहिजे किंवा मागच्या पाच वर्षांत तिने तसं काम केलेलं असलं पाहिजे. कँटीनमध्ये ऐकलेली गोष्ट सहज बोलून गेलो, ती गुप्त पदावर आहे हे मला माहीत नव्हतं, एवढं म्हटलं की फिर्यादी पक्षाची दमछाक होते.

तसंच झालं. डिसेंबर २००३ मध्ये अॅटर्नी जनरलनी स्वतःला प्रकरणातून दूर केलं आणि पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांची विशेष अभियोक्ता म्हणून नेमणूक झाली. नोव्हाक यांना पहिल्यांदा सांगणारे परराष्ट्र खात्यातले रिचर्ड आर्मिटेज होते, हे पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे कबूल केलं. ओळख फोडल्याबद्दल एकावरही आरोप ठेवला गेला नाही. उपराष्ट्राध्यक्षांचे प्रमुख अधिकारी लुइस लिब्बी यांना ६ मार्च २००७ रोजी दोषी ठरवलं, ते तपासात अडथळा, खोटी साक्ष आणि तपास अधिकाऱ्यांना खोटं सांगणं यासाठी. तीस महिन्यांची कैद झाली, ती राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्याच वर्षी जुलैत रद्द केली. २०१८ साली ट्रम्प यांनी पूर्ण माफी दिली. ज्या बाईने प्लेमवर एक ओळही छापली नव्हती ती पत्रकार ज्युडिथ मिलर मात्र स्रोत सांगायला नकार दिल्यामुळे २००५ साली ८५ दिवस तुरुंगात होती.

'विल्सन यांची पत्नी एवढंच म्हटलं, नाव घेतलं नाही' असाही बचाव त्या काळात मांडला गेला. यातला प्रश्न खरा आहे: ओळख उघड होण्यासाठी नाव उच्चारावं लागतं का? तिथला कायदा 'ओळख पटवणारी कोणतीही माहिती' असं म्हणतो, त्यामुळे हा बचाव फार टिकण्यासारखा नव्हता. आमच्याकडे हा प्रश्न दर आठवड्याला उभा राहतो. मध्य प्रदेश पोलिसांची प्रेसनोट 'मुखबिर की सूचना पर' या शब्दांनी सुरू होते. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण पुढे कोणी तरी उत्साहाने घालतो की आरोपीच्या जुन्या भागीदाराने कळवलं, किंवा शेजारच्या शेतातल्या माणसाने ट्रॅक्टर पाहिला. छोट्या गावात हे वाक्य नावापेक्षा कमी नसतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर माणूस ठरलेला असतो, आणि कधी कधी चुकीचा माणूस ठरलेला असतो.

आता भारताकडे येतो. आपल्याकडे गुप्त एजंटची ओळख उघड करणं या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. जे आहे ते १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाचं कलम ५. सरकारी पदामुळे किंवा विश्वासाने हाती आलेली गुप्त माहिती अधिकार नसलेल्या माणसाला कळवली की हे कलम लागतं. आज पदावर असलेल्याला लागतं आणि निवृत्ताला पण लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. गुप्त म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही. फायलीवर शिक्का मारणारा अधिकारी तो शिक्का प्रशासकीय सूचनांप्रमाणे मारतो आणि न्यायालय प्रत्येक प्रकरणात मजकूर पाहून ठरवतं.

त्याशिवाय गुप्तचर संघटनांच्या कर्मचाऱ्यांवर १९८५ चा वेगळा कायदा आहे. त्यांच्या संघटना करण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर तो बंधनं घालतो. मे २०२१ मध्ये पेन्शनच्या नियमांत बदल करून अशा संस्थांतून निवृत्त झालेल्यांनी परवानगीशिवाय आपल्या कामाविषयी लिहू नये असंही केलं. पैसे घेऊन नाव विकलं असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा येतो. आणि नाव सांगितलं तर हा माणूस मारला जाईल हे ठाऊक असूनही सांगितलं असेल, तर भारतीय न्याय संहितेतल्या सदोष मनुष्यवधाच्या तरतुदीही विचारात घ्याव्या लागतील. हे सिद्ध करणं कठीण आहे, पण वकिलाने ते दार आधीच बंद करू नये.

मग गाडी अडते कुठे? शासकीय गुपिते अधिनियमाच्या कलम १३ मध्ये. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय तेव्हाच घेऊ शकतं, जेव्हा सरकारच्या हुकमाने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून तक्रार येते. परकी सत्ता किंवा प्रतिबंधित जागा यांच्याशी संबंध नसलेलं कलम ५ चं प्रकरण असेल तर राज्य सरकार, बाकी बाबतीत केंद्र सरकार. ज्याचं नाव फुटलं तो माणूस, त्याची बायको, त्याचा मुलगा यांपैकी कोणीही स्वतः जाऊन या कलमाखाली खटला उभा करू शकत नाही. म्हणजे ज्या खात्याच्या माणसाने नाव फोडलं, त्याच्याच वरिष्ठांनी ठरवायचं की खटला करायचा की नाही. चोराच्या भावाकडे कुलपाची किल्ली ठेवावी तसं हे झालं आहे.

लोकसेवकावर खटला भरायला लागणारी सरकारी मंजुरी आपण ऐकलेली असते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये त्यासाठी १२० दिवसांची मुदत आली आहे. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. चांगली सुधारणा आहे. पण गुपिते अधिनियमातल्या तक्रारीला अशी कोणतीही मुदत नाही. सरकार गप्प बसलं तर प्रकरण गप्प बसतं.

आता दुसरा धागा. साक्षीच्या कायद्यात मुखबिराला संरक्षण आहे असं आम्ही सगळे म्हणतो आणि अफूच्या खटल्यात बचाव पक्षाने 'मुखबिर कोण?' विचारलं की न्यायाधीश तो प्रश्न नाकारतात. आधार भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३१, जुन्या कायद्यातलं १२५. अमली पदार्थांच्या कायद्यातही कलम ६८ तेच म्हणतं. पण शब्द नीट वाचा. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची पोलीस अधिकाऱ्यावर *सक्ती* करता येणार नाही, एवढंच त्यात आहे. ठाण्याच्या प्रमुखांनी, म्हणजे टीआय साहेबांनी, आपण होऊन सांगितलं तर हे कलम त्यांना अडवत नाही. हक्क अधिकाऱ्याचा आहे, मुखबिराचा नाही.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचंही तसंच. कलम ८(१)(छ) प्रमाणे ज्या माहितीने कोणाच्या जिवाला धोका होईल किंवा गोपनीयपणे मदत करणाऱ्याची ओळख पटेल, ती *देण्याचं बंधन* नाही. गुप्तचर विभाग आणि रॉ या संस्था तर कलम २४ मुळे भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन एवढे विषय सोडले तर कायद्याच्या बाहेरच आहेत. सरकारकडून नाव काढून घेण्याची वाट सगळीकडे बंद केली आहे. सरकारने स्वतः नाव टाकून दिलं तर त्या माणसाने काय करायचं, हे कोणत्याच कलमात नाही.

याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण प्लेम प्रकरणाच्याच वर्षी आपल्या देशात घडलं. सत्येंद्र दुबे हे आयआयटी कानपूरचे अभियंते, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात कामाला. सुवर्ण चतुर्भुज रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि आपली ओळख गुप्त ठेवावी अशी विनंती केली. पत्र नावासकट एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयच्या तपासात तो लुटारूंनी केलेला खून ठरला आणि २०१० साली त्यात शिक्षा झाल्या. तो निष्कर्ष मान्य केला तरी एक गोष्ट तशीच उरते: गुप्ततेची विनंती केलेलं पत्र नावासह फिरवणाऱ्यांवर फौजदारी जबाबदारी आली नाही. मी हे प्रकरण जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला राग येतो, आणि तो राग वकिलाने गिळून टाकावा असं मला वाटत नाही.

त्यानंतर एप्रिल २००४ मध्ये सरकारने ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी गुप्तपणे घेण्याचं काम दिलं. २०१४ साली संसदेने जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा केला. त्याचं कलम १६ म्हणतं की तक्रारदाराची ओळख निष्काळजीपणे किंवा दुष्ट हेतूने उघड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. निष्काळजीपणे हा शब्द लक्षात घ्या. अमेरिकेचा कायदा जिथे लुळा पडला, नेमकं तिथे आपल्या संसदेने बोट ठेवलं होतं. हेतू सिद्ध करायची गरज नाही, हलगर्जीपणा पुरे. पण हा कायदा अजून अमलात आणलेला नाही. राष्ट्रपतींची संमती मे २०१४ ची आहे.

पत्रकाराविषयी. गुपिते अधिनियमाचं कलम ५ घेणाऱ्यालाही लागू आहे. माहिती या कायद्याचा भंग करून दिली जाते आहे हे घेताना ठाऊक असेल किंवा तसं वाटायला सबळ कारण असेल तर. पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना जून २००२ मध्ये याच कायद्याखाली पकडलं आणि ते जानेवारी २००३ पर्यंत आत होते. ज्या कागदावरून पकडलं तो आधीच प्रसिद्ध झालेला होता, हे निघाल्यावर सरकारने खटला मागे घेतला. दुसऱ्या बाजूला, राफेल विमानखरेदीच्या प्रकरणात १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वृत्तपत्रात छापून आलेली कागदपत्रं न्यायालय पाहू शकतं आणि ती छापण्यापासून वृत्तपत्रांना रोखणारा कायदा न्यायालयापुढे आलेला नाही.

स्रोत न सांगण्याचा कायदेशीर हक्क आपल्या पत्रकारांना नाही. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात जे संरक्षण आहे ते कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. विधी आयोगाने १९८३ साली आपल्या ९३व्या अहवालात पुराव्याच्या कायद्यात त्यासाठी नवं कलम घालावं अशी शिफारस केली, ती तशीच पडून आहे. तरी न्यायालयं थोडी थोडी पुढे सरकली आहेत. पेगासस या फोनवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्रोतांचं संरक्षण हे वृत्तपत्रस्वातंत्र्याला आवश्यक मानलं आणि राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं की न्यायालय मागे सरेल असं नाही, हेही बजावलं. सीबीआय संचालकांच्या घरच्या भेटींच्या नोंदवहीचं प्रकरण २०१४ सालचं. ती वही कोणी दिली हे बंद पाकिटात सांगा, असं न्यायालयाने आधी म्हटलं. प्रशांत भूषण यांच्या संस्थेने नकार दिला, आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने आपला तो आदेश मागे घेतला.

पण प्लेमसारख्या प्रकरणात एक पेच आहे आणि तो आपल्या वर्गात चर्चेला ठेवण्यासारखा आहे. इथे स्रोत म्हणजे अन्याय उघड करणारा लहान कर्मचारी नव्हता. सत्तेतल्या माणसांनी टीकाकाराच्या घरच्या माणसाची ओळख पुढे केली आणि पत्रकार त्याचं साधन झाला. स्रोताचं संरक्षण दोघांना सारखंच द्यायचं का? माझं मत स्पष्ट आहे. पत्रकाराकडून नाव काढून घेण्याचा मार्ग शेवटचा ठेवावा, कारण एकदा ती वाट मळली की दुबेंसारखी माणसं कधीच पत्रकाराकडे जाणार नाहीत. त्याआधी ज्या कार्यालयातून माहिती फुटली तिथले फोन, फायलींच्या हालचालीची नोंदवही, ती फाइल कोणाकोणाच्या टेबलावरून गेली, हे सगळं तपासलं पाहिजे. सरकारी कार्यालयात फायलीची वाट शोधणं हे तपास यंत्रणेला अवघड नसतं, इच्छा लागते.

मंत्र्याविषयी आपण विचारलंत. कलम ५ ची सुरुवात 'कोणतीही व्यक्ती' अशी आहे, म्हणून मंत्री आपोआप सुटत नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याची गोपनीयतेची शपथही आहे, पण ती मोडण्याला वेगळी शिक्षा नाही. खरा गुंता दोन जागी होतो. पहिला असा की गोपनीय काय ठेवायचं हे ज्याच्या हाती आहे त्याने स्वतःच सांगितलं, तर ते 'अधिकाराने सांगणं' होतं का? लिब्बी खटल्यातही एका गोपनीय अहवालातला काही भाग पत्रकाराला सांगण्याची परवानगी वरून आली होती, असं लिब्बींनी शपथेवर म्हटल्याचं समोर आलं. माझ्या मते माहिती मोकळी करण्याचा अधिकार आणि एखाद्या माणसाचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीला अनुच्छेद २१, म्हणजे जगण्याचा हक्क, आडवा येतो आणि तिथे मंत्र्याची सही पुरत नाही. दुसरा गुंता सभागृहाचा. लोकसभेत किंवा विधानसभेत कोणी नाव उच्चारलं तर अनुच्छेद १०५(२) आणि १९४(२) मुळे न्यायालयात कारवाई होत नाही. अध्यक्ष ते कामकाजातून काढून टाकू शकतात, एवढाच उपाय. तोवर नाव सगळ्या देशाने ऐकलेलं असतं.

आता ज्याचं नाव फुटलं त्याच्याकडे वळतो. प्लेम पतिपत्नींनी अधिकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. २००७ साली तो फेटाळला गेला, २००८ मध्ये अपील न्यायालयाने तेच कायम केलं आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण घ्यायला नकार दिला. एक कारण असं की पत्रकारांशी बोलून सरकारच्या धोरणाचा बचाव करणं हे त्या अधिकाऱ्यांच्या नोकरीच्याच कक्षेत येतं. आपल्याकडचा अधिकारी हाच युक्तिवाद घेऊन २१८ चं मंजुरीचं छत्र मागेल. तिथे आपल्याला ठामपणे म्हणावं लागेल की कर्तव्याशी वाजवी संबंध असलेलं कृत्य आणि पदामुळे नुसती संधी मिळालेलं कृत्य यांत सर्वोच्च न्यायालयाने नेहमी फरक केला आहे, आणि नाव फोडणं दुसऱ्या प्रकारात मोडतं.

दुसरी भिंत म्हणजे सरकारचा कायमचा नकार: 'हा आमचा माणूस नव्हताच.' अमेरिकेत १८७६ पासून न्यायालयांनी हेराला कराराच्या आधारे दावाच लावू दिलेला नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडी माणुसकी दाखवली. राजस्थानातले, टपाल खात्याच्या रेल्वे मेल सेवेतले एक गृहस्थ. आपण पाकिस्तानात हेरगिरीसाठी गेलो होतो आणि १९७६ मध्ये पकडले गेलो, असं त्यांचं म्हणणं. इकडे गैरहजर म्हणून नोकरी गेली. सरकारने संबंध नाकारला. न्यायालयाने त्या दाव्यावर मत न देता त्यांना दहा लाख रुपये सानुग्रह द्यायला लावले. सानुग्रह, म्हणजे हक्काने नव्हे.

ओळख फोडण्याच्या प्रकरणात मात्र ही भिंत थोडी खचते, कारण सरकारच्याच माणसाने संबंध कबूल केलेला असतो. साक्ष्य अधिनियमाचं कलम १२९ राज्यकारभाराच्या *अप्रकाशित* कागदांना झाकतं. जे जगाने वाचलं ते अप्रकाशित कसं राहणार? रुदल शाह (१९८३) आणि नीलबती बेहेरा (१९९३) या निवाड्यांमुळे अनुच्छेद २१ च्या भंगासाठी उच्च न्यायालय थेट भरपाई देऊ शकतं. शिवाय पुट्टस्वामी निवाड्यापासून, म्हणजे २०१७ पासून, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. महेंद्र चावला प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केली, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने राज्यांना तशी योजना करायला सांगितलं आहे. त्यात ओळख बदलण्यापर्यंतची तरतूद आहे. पण ती साक्षीदारासाठी आहे. मुखबिर बहुतेक वेळा साक्षीला उभाच राहत नाही, आणि म्हणून तो योजनेच्या कागदावर बसत नाही.

मला जे हवं आहे ते आपल्या कायद्याला करता येत नाही असं नाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. त्यात नावच हवं असं नाही, ओळख पटेल अशी कोणतीही बाब पुरते. आणि सरकारी तक्रारीची वाट पाहावी लागत नाही, ठाण्यात सरळ गुन्हा नोंदता येतो. हे कलम छापण्या-प्रसिद्ध करण्यापुरतं आहे, त्यात सांगणारा अधिकारी घालावा लागेल, आणि २०१४ च्या कायद्यातला 'निष्काळजीपणे' हा शब्द. एवढ्या दोन गोष्टी जोडून एक कलम केलं, तर तक्रारीचा हक्क ज्याचा जीव धोक्यात आहे त्याच्याकडे येईल. जनहिताचा अपवाद त्यात असलाच पाहिजे: हेराने खून किंवा छळ केला असेल तर त्याला नाव झाकण्याचं संरक्षण मागता येऊ नये.

तोवर, आपल्या वर्गातल्या कोणाच्या नात्यात किंवा ओळखीत असा प्रसंग आलाच तर काय करायचं, तेही लिहून ठेवतो. आधी जीव, मग कायदा. पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात असाल तर पोलीस अधीक्षकांकडे, संरक्षणासाठी लेखी अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या. पुढच्या याचिकेचा पाया तोच कागद. अर्जात कामाचे तपशील लिहू नका, धोक्याचे लिहा. ज्या बातमीत किंवा संदेशात ओळख फुटली ती जतन करा, ज्या फोनवर आली तो फोन बदलू नका, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र वेळीच करून घ्या. ती बातमी 'पाहा काय छापलं' म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवू नका. ठाण्यात वाद घालून अर्ज रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंदवून घेण्याचा हट्ट धरू नका, कारण रोजनामचा पुष्कळ जण वाचतात. खंडपीठात याचिका लावायची असेल तर पहिल्याच दिवशी वेगळा अर्ज करून नावाऐवजी आद्याक्षरं, बंद दालनात सुनावणी आणि निकालाच्या ऑनलाइन प्रतीतून तपशील वगळणं, या तिन्ही गोष्टी मागा. याचिका दाखल झाल्यावर हे मागितलं तर उशीर झालेला असतो: कॉजलिस्ट, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सुनावण्यांची यादी, आदल्या संध्याकाळीच सगळ्यांच्या फोनवर पोचलेली असते.